मागच्या खोलीतला टीव्ही

आमच्या कळंबच्या दुकानात मागच्या खोलीत एक २१ इंची डबा टीव्ही आहे. दर दिवाळीच्या साफसफाईला बायको विचारते, "हा भंगारात कधी द्यायचा?" आणि दर दिवाळीला मी म्हणतो, "पुढच्या वर्षी." गेल्या महिन्यात मात्र मी तिला स्पष्टच सांगितलं की हा टीव्ही आता कुठं जाणार नाही. तिनं कारण विचारलं. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आता लिहून काढतोय.

नातेवाईक मंडळींना माझा धंदा माहीत आहेच, पण नवीन वाचकांसाठी सांगतो. आमचं शूटिंग आणि मिक्सिंगचं दुकान. लग्न, बारसं, वास्तुशांत, कधी येरमाळ्याच्या येडाईच्या यात्रेची मागणी, कधी निवडणुकीतली मिरवणूक. एडिटिंग हा शब्द आमच्याकडं फारसा कुणी वापरत नाही. "मिक्सिंग झालं का हो?" असंच विचारतात. मी २००३ साली सुरुवात केली. एक कॉम्प्युटर, ८० जीबीची हार्ड डिस्क, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेलं एक फायरवायर कार्ड आणि मिनी डीव्हीचा एक कॅमेरा. एका तासाची टेप कॉम्प्युटरमध्ये घ्यायला बरोबर एक तास लागायचा आणि ती सुमारे १३ जीबी जागा खायची. एका लग्नाच्या तीन टेपा. म्हणजे दोन लग्नं झाली की डिस्क भरली, आणि पहिलं काम देऊन टाकल्याशिवाय तिसरं हातात घेता येत नसे. त्यात लोडशेडिंग. रात्रभर रेंडर लावून झोपावं आणि पहाटे चारला लाइट जावी. यूपीएस दहा मिनिटं ओरडायचा आणि मरायचा.

असो. मुद्दा टीव्हीचा आहे.

पहिल्या लग्नाचं मिक्सिंग मी फार हौसेनं केलं होतं. सुरुवातीला पडद्याच्या डाव्या कडेला नवऱ्या मुलाचं नाव, उजव्या कडेला नवरीचं, मधून फुलं पडतायत. कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर झकास दिसत होतं. पाव्हण्यांच्या घरी सीडी लावली तर नवऱ्याच्या नावातलं पहिलं अक्षर आणि नवरीच्या आडनावातलं शेवटचं अक्षर गायब! मुलाचे चुलते म्हणाले, "आमच्या पोराचं नावच छाटलंत की हो." मला वाटलं त्यांचा टीव्ही बिघडलाय. बिघडलेला नव्हता. त्या काळातले काचेच्या नळीचे टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या चौकटीमागं लपवायचे. म्हणून जे वाचलं जायला हवं ते मधल्या ऐंशी टक्के जागेतच ठेवायचं असा या धंद्यातला जुना नियम आहे. मला तो कुणी सांगितला नव्हता आणि मॉनिटर तर सांगणारच नव्हता, कारण मॉनिटर सगळंच दाखवतो.

दुसऱ्या कामात वरात बिघडली. टीव्हीवर घोडा पुढं चालण्याऐवजी दर पावलाला मागंपुढं थरथरत होता. याचं कारण समजायला मला पंधरा दिवस लागले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण डबा टीव्ही प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत दाखवतो. आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, त्यांना फील्ड म्हणतात. डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रात खालचं फील्ड आधीचं असतं. मी डिस्क करताना सेटिंगमध्ये वरचं आधी ठेवलं होतं. झालं! नंतरचा क्षण आधी आणि आधीचा नंतर. कॉम्प्युटरचा मॉनिटर दोन्ही अर्धी एकदमच दाखवतो, त्यामुळं तिथं ही चूक कळत नाही. हलणाऱ्या गोष्टींच्या कडा जरा दातेरी दिसतात इतकंच, आणि ते तर बरोबर सेटिंगमध्येही दिसतात.

तेव्हा मी हा २१ इंची टीव्ही सेकंडहँड घेतला. कॉम्प्युटरमधून फायरवायरनं कॅमेऱ्यात, कॅमेऱ्यातून पिवळ्या पिनेनं टीव्हीत. टाइमलाइनवर जे चाललंय तेच टीव्हीवर, गिऱ्हाइकाला जसं दिसणार तसंच. मोठ्या स्टुडिओत लाखांचे मॉनिटर असतात ते चित्र अचूक दिसावं म्हणून. माझा टीव्ही चित्र वाईटच दाखवायचा, पण पाव्हण्यांच्या टीव्हीइतकंच वाईट दाखवायचा. मला तेच हवं होतं.

आता यातली एक गंमत. टीव्ही जोडला त्या दिवशी कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून आवाजच येईना. मी साउंड कार्ड काढून पुन्हा बसवलं, ड्रायव्हर टाकले, शेवटी विंडोज नव्यानं टाकली. संध्याकाळी माझा भाचा आला आणि त्यानं टीव्हीचं बटण फिरवलं. आवाज तिथं होता! चित्र बाहेर पाठवलं की आवाजही त्याच वाटेनं कॅमेऱ्यातून टीव्हीत जात होता, आणि टीव्हीचा आवाज शून्यावर होता. मग मी सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग बदललं. चित्र टीव्हीवर, आवाज कॉम्प्युटरच्या दोन स्पीकरवर. टीव्हीच्या त्या फाटक्या आवाजात काय ऐकायचं, म्हणून त्याचा आवाज परत शून्यावर नेला. तो पुढं कायम शून्यावरच राहिला. हे जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

डिस्कचंही असंच शिकत गेलो. आधी व्हीसीडी होत्या. एकीत सव्वा तास, म्हणजे लग्नाला तीन सीड्या, आणि चित्र डीव्हीच्या चौथाई. मग डीव्हीडी आली. ४.७ जीबीची डिस्क, आणि गिऱ्हाइकाची अट अशी की तीन तासांचं लग्न एकाच डिस्कमध्ये बसलं पाहिजे. बसवता येतं, पण मग गर्दीत अक्षता पडताना चित्राचे चौकोन चौकोन होतात. उलट एखाद्या हौशी पोरानं नियमातली कमाल म्हणजे ९.८ मेगाबिट वापरून डिस्क बनवली की ती घरी राइट केलेली डिस्क जुन्या प्लेअरमध्ये अडखळायची. मी साडेसहाच्या आसपास राहिलो आणि दोन डिस्क द्यायला लागलो. राइट करताना स्पीड कमी ठेवायचा, डिस्कवर चिकटणारं कागदी लेबल लावायचं नाही, आणि देण्याआधी तीन वेगवेगळ्या प्लेअरवर लावून बघायची. एक माझा, एक शेजारच्या चहाच्या हॉटेलातला, एक चुलतभावाच्या घरचा चायनामेड. तिघांत चालली तरच पिशवीत घालायची.

मेन्यूचंही सांगतो. तेव्हा सुंदर मेन्यू करायची चढाओढ होती. हळद, साखरपुडा, लग्न, आहेर अशी बटणं, मागं सनई. एका आजीबाईंच्या घरी डिस्क दिली आणि चार दिवसांनी गेलो तर म्हणाल्या, "लगीन लई छान काढलंय, पण तेच तेच हाय." त्यांना रिमोटचं बटण दाबायचं माहीतच नव्हतं. चार दिवस त्यांनी मेन्यूच बघितला होता! त्यानंतर माझ्या डिस्कमध्ये मेन्यू शेवटी. डिस्क घातली की थेट गणपती आणि थेट लग्न.

या सगळ्यातून माझं एक मत बनलं होतं आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. काम आपल्या मॉनिटरवर पूर्ण होत नाही, ते पाव्हण्यांच्या घरी पूर्ण होतं. यावर आमच्या धंद्यातली मंडळी वाद घालायची. एक लातूरचा मित्र म्हणायचा, "गिऱ्हाइकाचा टीव्ही भंगार असला तर त्याची जबाबदारी आपली कशी? आपण माल चोख दिला की संपलं." मी म्हणायचो, अरे बाबा, त्यानं टीव्ही आपल्याला विचारून घेतला नाही, पण डिस्क आपल्याकडून घेतली ती त्याच टीव्हीवर बघायला. शिंप्यानं कापड चोख शिवलं पण माप दुसऱ्याचं घेतलं, तर त्याला चोख म्हणायचं का? तो हसायचा आणि म्हणायचा, तू कळंबचा आहेस ना, म्हणून.

आता गेल्या महिन्याची गोष्ट.

दुपारी एक बाई आल्या. माहेर आमच्याच तालुक्यातल्या एका गावचं, दिल्या बार्शीकडं. पिशवीतून एक डीव्हीडी काढली, जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली. वर माझंच अक्षर, मे २००७. म्हणाल्या, "दादा, यातून आमच्या अण्णांचा एक फोटो निघेल का? मोठा नको, पुण्यतिथीला ठेवायपुरता. हे असे बसलेले फोटो हायत, पण हसतानाचा एकही न्हाई. लग्नात हसले होते."

अण्णा मला आठवत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. लेकीच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हटल्या होत्या. आपल्याकडं ही रीत आहे, घरातलं कुणीतरी शार्दूलविक्रीडितात मंगलाष्टका रचतं आणि त्यात आजोबा-पणजोबांपासून मामा-मावशांपर्यंत सगळ्यांची नावं गुंफतं. आपलं नाव आलं की तो पाव्हणा मान ताठ करतो. गुरुजी वारले २०१२ मध्ये.

मी म्हटलं, "ताई, डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ एवढंच असतं, फोटो पोस्टकार्डाएवढाच बरा येईल. काढून देतो. आणि त्यांचा आवाज पण कॉपी करून देतो, मंगलाष्टका म्हटल्या होत्या ना त्यांनी."

बाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आवाज न्हाई त्यात. तुमी सनई लावलीय तिथं."

मी तेव्हा काही बोललो नाही. मंगलाष्टकांच्या खाली अगदी हळू सनई ठेवायची माझी पद्धत होती, पण मूळ आवाज मी कधीच काढत नसे. डिस्क घातली. पहिल्या ड्राइव्हनं ती घेतलीच नाही. दुसऱ्यानं घेतली आणि मध्येच सोडली. तिसरा, जुन्या कॉम्प्युटरमधला, रडतखडत वाचत गेला. राइट करायच्या डिस्कमध्ये माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात असते. ऊन, उष्णता, वर्षं गेली की तो थर खराब होतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट म्हणजे भट्टीच. डिस्क आतून बाहेरच्या कडेकडं लिहिली जाते, आणि हिची बाहेरची कडच गेली होती. म्हणजे शेवटची वरात गेली. लग्न मधल्या भागात होतं, ते आलं.

फोटोसाठी हसतानाची फ्रेम शोधत होतो. सवयीनं हेडफोन कानात. आणि मंगलाष्टका सुरू झाल्या. सनई तर होतीच, पण तिच्यावर गुरुजींचा आवाज होता! स्वच्छ. फक्त जरा विचित्र, समोरून येण्याऐवजी डोक्याच्या मागून आल्यासारखा.

मी बाईंना म्हटलं, आवाज आहे की. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. पाच-सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा मोबाइलच्या दुकानात याच डिस्कची कॉपी करून घेतली होती, ती लावली. तीच चित्रं, गुरुजींचे ओठ हलतायत, आणि फक्त सनई.

मी विचारलं, घरी टीव्हीवर पण असंच होतं का? म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून. अण्णांनी पण तसंच बघितलं. म्हणले, राहू दे, सनई बरी वाटती."

मग मला हळूहळू लक्षात आलं. आमच्या पत्र्यावर ऊन होतं तरी हात गार पडले.

२००७ च्या हंगामात मी एक नवी गोष्ट केली होती. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मंडपातला कालवाच जास्त यायचा, म्हणून साउंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ आवाज घ्यायचा ठरवलं. त्याच्या मिक्सरला मोठी पिन, माझ्या कॅमेऱ्याला लहान. मी घरीच डाखून एक लीड बनवली. टोकाला टोक, मधल्या कडीला मधली कडी, अर्थिंगला अर्थिंग. आवाज मस्त आला. पण मिक्सरची ती मोठी पिन स्टिरिओची नव्हती, बॅलन्स्ड मोनोची होती. तिच्या टोकावर सरळ आवाज असतो आणि कडीवर तोच आवाज उलटा. लांब वायरीत शिरलेली गुणगुण मारायला ती युक्ती असते. कॅमेऱ्याला काय माहीत? त्यानं सरळ आवाज डावा म्हणून घेतला आणि उलटा आवाज उजवा म्हणून.

हेडफोनमध्ये डावा एका कानात, उजवा दुसऱ्या कानात, त्यामुळं दोन्ही ऐकू येतात. दोन स्पीकर लांब लांब ठेवले तरी येतात, जरा पोकळ वाटतात. पण हे दोन आवाज एकाच वायरीत एकत्र केले की संपलं. एका गाडीला पुढून एक बैल आणि मागून तेवढ्याच ताकदीचा दुसरा बैल जुंपावा तसं. गाडी जागची हलत नाही. आवाज शून्य. सनई मात्र मी नंतर मिक्सिंगमध्ये टाकलेली, ती दोन्हीकडं सरळच होती, म्हणून ती राहिली.

बाईंना विचारलं, तुमच्या टीव्हीला आवाजाच्या पिना किती होत्या? म्हणाल्या, "टीव्हीला एकच भोक होतं. लाईटवाल्यानं लाल-पांढरी दोन्ही एकत्र जोडून दिली होती, दोन्हीकडचा आवाज यावा म्हणून." आणि मोबाइलवाल्यानं फाइल लहान व्हावी म्हणून दोन्ही बाजू मिळवून मोनो केलेली. टीव्हीला एकच पांढरी पिन लावली असती तर पहिल्या दिवशीच गुरुजी ऐकू आले असते.

मी उजवी बाजू बंद केली, डावी दोन्हीकडं भरली, आणि मागच्या खोलीतल्या या टीव्हीला जोडून आवाज मोठा केला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज शून्यावरून वर गेला. गुरुजी म्हणत होते. आज्याचं नाव आलं, मग मामांचं, मग एका आत्याचं. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. "सावधान" झालं आणि अक्षता पडल्या तेव्हा म्हणाल्या, "परत लावा."

तीनदा लावलं.

मग मी सांगितलं की चूक माझी होती. लीड मी बनवली होती, आणि हा टीव्ही इथं समोर असताना त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमी इतकी वर्षं तुमच्यावर मनात रागावलो होतो, ते काय चुकीचं न्हवतं." आणि हसल्या. मला हसता आलं नाही. रागाचं काही नाही, पण गुरुजींनी स्वतःच्या मंगलाष्टका कधीच ऐकल्या नाहीत, आणि मुलीला वाटत राहिलं की शूटिंगवाल्याला त्या महत्त्वाच्या वाटल्या नाहीत. तक्रार करायला त्या आल्या नव्हत्या. आपली माणसं करतच नाहीत. आपलाच टीव्ही हलका असेल म्हणून गप्प बसतात.

तेव्हा मी जे मत इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो, ते मी स्वतः अर्धंच पाळलं होतं. चित्र पाव्हण्यांच्या टीव्हीवर बघितलं, आवाज माझ्या स्पीकरवर ऐकला. लातूरच्या मित्राच्या हिशोबानं मी माल चोखच दिला होता. डिस्कमध्ये आवाज होता, सगळाच्या सगळा. त्याचा उपयोग काय झाला?

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं, आता कोण डीव्हीडी बघतो? खरं आहे. डीव्हीडी बनवायचं अडोबीचं एन्कोर हे सॉफ्टवेअर २०१२ च्या आवृत्तीनंतर पुढं आलंच नाही. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ मध्ये डीव्हीडी चालवायची सोयही आपोआप मिळेनाशी झाली. सोनीनं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनी डीव्ही टेपांचं उत्पादनही थांबवलं. पण माझी चूक जुनी झालेली नाही. आजच्या बऱ्याच साध्या मोबाइलला एकच स्पीकर असतो, ब्लूटूथचे लहान डबेही बहुतेक एकाच स्पीकरचे. आजही एखादा पोरगा मिक्सरमधून चुकीच्या लीडनं आवाज घेतो, हेडफोनवर एडिट करतो, आणि आजीच्या मोबाइलवर भाषण गायब होतं, मागचं म्युझिक तेवढं वाजतं. नव्या पोरांना माझं एकच सांगणं आहे. हेडफोनवर खुशाल काम करा, पण देण्याआधी एकदा साध्यातल्या साध्या मोबाइलच्या स्पीकरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. चार-पाच मिनिटांची रील असेल तर चार-पाच मिनिटं लागतील, तीन तासांचं लग्न असेल तर तीन तास. तेवढे पैसे आपण घेतलेले असतात.

आणि वाचक मंडळी, तुमच्यासाठी. तुमच्याही कपाटात अशी एखादी डिस्क असेल. ती आत्ता बाहेर काढा. फक्त फोनवर बघण्यासाठी लहान फाइल करून घेऊन मूळ डिस्क टाकून देऊ नका. या बाईंनी टाकली असती तर गुरुजींचा आवाज खरोखरच गेला असता, कारण मोनो केलेल्या फाइलमधून तो कुणालाही परत काढता येत नाही. डिस्कमधलं व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर जसंच्या तसं, काहीही न बदलता, दोन ठिकाणी उतरवून घ्या. मग वाटलं तर लहान फाइल करा. आणि जिथं माणसांचे ओठ हलतात पण आवाज येत नाही असा भाग असेल, तर तो वायरच्या हेडफोनवर ऐकून बघा, दोन्ही कानांना लावून आणि एकेका कानाला लावूनही. आला तर तो वाचवता येतो. दहा मिनिटांचं काम आहे.

पुण्यात जानेवारी २००३ मध्ये आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, तेव्हा पेपरात आलं, लोक हळहळले. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'ही आज पूर्ण उरलेला नाही. ती मोठी हानी आहेच. पण तालुक्याच्या गावातल्या लोखंडी कपाटात दर उन्हाळ्यात थोडं थोडं जे जातंय, त्याची बातमी कुठं येणार? ते आपलं आपणच बघायला हवं.

बाई गेल्यावर मी २००७ ची वही काढली. ती लीड मी त्या सबंध हंगामात वापरली होती. पुढच्या वर्षी कॅमेरा बदलला तेव्हा ती अडगळीत गेली, नाहीतर आणखी किती लग्नं मुकी केली असती कोण जाणे. वहीत बावीस नावं आहेत. त्यातल्या नऊ जणांना आतापर्यंत फोन लागला. चौघांकडं डिस्क सापडली. दोघांनी केव्हाच भंगारात घातली. एकानं विचारलं, "आता कशाला हो?" त्याला मी सांगितलं की तुमच्या थोरल्या भावाचं स्वागताचं भाषण असेल त्यात. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, बाजारच्या दिवशी येतो. बाकीचे दोघं बघून सांगतो म्हणालेत.

उरलेले तेरा नंबर बदललेत. वाचकांत कुणाचं लग्न २००७ च्या उन्हाळ्यात कळंब, केज, येरमाळा या बाजूला झालं असेल आणि डिस्कवर माझं अक्षर असेल, तर जरूर या. पैसे घेणार नाही. टीव्ही चालू ठेवलाय, आवाजासकट.